दोन राउटर, एक जोडणी: वरच्या मजल्यावर इंटरनेट नेण्याचे एक प्रकरण

या प्रकरणातील घर दोन मजली आहे. फायबरची तार तळमजल्यावर दर्शनी दाराजवळून आत येते, आणि जिथून ती आत येते तिथेच, टीव्हीखालच्या कपाटात, सेवा देणाऱ्या कंपनीने बसवलेला राउटर ठेवलेला आहे. जोडणी २०० एमबीपीएसची आहे. वरच्या मजल्यावर तीन खोल्या असून त्यांपैकी सर्वांत मागची, म्हणजे राउटरपासून तिरकी सर्वांत दूर पडणारी, खोली घरातील मुलीच्या कामाची आहे. तिचे काम घरूनच चालते, दिवसातून तीन-चार व्हिडिओ बैठका होतात, आणि तक्रार नेमकी तिथली होती: चित्र थिजते, आवाज तुटत येतो, आणि शेवटी लॅपटॉप उचलून तिला जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसावे लागते.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या पायरीवर आणि त्या खोलीत, दोन्हीकडे, फोनवरच्या मोजणीच्या ॲपने सिग्नल पाहिला. पायरीवर तो उणे ६१ डीबीएम होता, खोलीतल्या टेबलापाशी उणे ८१. या मापात १० अंकांचा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक, म्हणून पायरीवरून टेबलापर्यंत जाईतो सिग्नलचा शंभरावा हिस्सा उरत होता. हा आकडा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा झाला. ५ गिगाहर्ट्झचे नाव खोलीत दिसतच नव्हते. स्लॅबमधल्या लोखंडी सळया आणि जाड काँक्रीट दोन्ही पट्ट्यांना अडवतात, पण ५ गिगाहर्ट्झला अधिक. त्यात राउटरच्या उभ्या अँटेना लहरी मुख्यतः आडव्या दिशेने पसरवतात आणि स्वतःच्या टोकाच्या रोखाने, म्हणजे वरती छताकडे, फारच कमी टाकतात. त्यामुळे बरोबर डोक्यावरच्या मजल्याला त्यांचा वाटा सर्वांत थोडा मिळतो. एक अँटेना आडवी केल्यावर टेबलापाशी तीन-चार अंकांचा फरक पडला. फुकटचा उपाय म्हणून तो वाईट नव्हता, पण पुरेसा नव्हता.

आधीचे प्रयत्न

मला बोलावण्यापूर्वी घरच्यांनी स्वतः बरेच काही करून पाहिले होते, आणि हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले ते त्यामुळेच. प्रत्येक प्रयत्नामागचा विचार सरळ होता, पण प्रत्येक वेळी गृहीत एकच धरलेले होते: दुसरा राउटर म्हणजे पहिल्याच्या सिग्नलला लावलेला जोर. प्रत्यक्षात राउटर नावाच्या डबीत तीन वेगवेगळी यंत्रे एकत्र कोंबलेली असतात. एक, घरातल्या उपकरणांना आयपी पत्ते, म्हणजे जाळ्यात त्यांना ओळखण्याचे क्रमांक, वाटणारे आणि घराचे जाळे बाहेरच्या जाळ्याशी जोडून देणारे यंत्र. दोन, मागच्या बाजूच्या चार लॅन पोर्टांचा, म्हणजे घरातल्या उपकरणांच्या तारा खोचण्याच्या खाचांचा, साधा स्विच, जो त्या तारा एकमेकींशी जोडतो. आणि तीन, वाय-फायचा रेडिओ. वरच्या मजल्याला गरज होती फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्याची. सगळा घोळ पहिल्याने घातला.

जुन्या जोडणीच्या वेळचा एक राउटर माळ्यावर पडून होता. प्रथम तो रिपीटर म्हणून, म्हणजे हवेतून आलेला सिग्नल पुन्हा पुढे पाठवणारे यंत्र म्हणून, लावला गेला, आणि लावला गेला थेट त्या मागच्या खोलीत, टेबलावर. लॅपटॉपवर सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसू लागल्या आणि नेट मात्र पूर्वीइतकेच रडत राहिले. यात नवल काही नाही, कारण कांड्या दाखवतात ते लॅपटॉप आणि रिपीटर यांच्यातील हातभर अंतराचे नाते. रिपीटरला खालून जे उणे ८१ मिळते ते तो सुधारू शकत नाही, जे येते तेच पुढे देतो. शिवाय एकाच रेडिओने खालचे ऐकायचे आणि वरच्याला सांगायचे, तेही त्याच चॅनेलवर, म्हणजे हवेतला वेळ दोनदा खर्च होतो आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. रिपीटर लावायचाच असेल तर तो जिथे सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी, या घरात जिन्याच्या वरच्या टोकाशी, लावावा लागतो. तो लोक नेमका तिथे लावतात जिथे सिग्नल नसतो, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा, कारण त्रास तिथेच असतो.

रिपीटर सोडून मग केबल टाकली गेली. हा निर्णय योग्य होता. टीव्हीच्या जुन्या तारेसाठी भिंतीतून नेलेली नळी रिकामी होती, तिच्यातून सुमारे २२ मीटर केबल वर गेली. ताम्याच्या जोडतारांच्या इथरनेट केबलला १०० मीटरपर्यंत मुभा असते, तेव्हा अंतराचा प्रश्न नव्हता, आणि विजेच्या तारा दुसऱ्या नळीत असल्याने तोही धोका टळला. केबलचे खालचे टोक मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमध्ये आणि वरचे टोक जुन्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या खाचेत, गेले. नेट आले नाही. दोन्ही राउटरांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असाच होता, आणि जुना राउटर बिचारा आपल्या दोन्ही बाजूंना एकच जाळे पाहून गोंधळला होता. काही राउटर अशा वेळी आपला पत्ता आपणहून बदलतात; हा त्यांतला नव्हता. कुणीतरी सुचवले म्हणून वरचे टोक वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये खोचले गेले, आणि नेट त्याच क्षणी सुरू झाले.

इथे सगळ्यांना वाटले की काम झाले. पहिली संध्याकाळ छान गेली. दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झाले ते मूळ तक्रारीपेक्षा वाईट होते, कारण आता बिघाड फक्त वरच्या खोलीपुरता राहिला नाही. फोन वाय-फायला जोडलेला दिसे पण वाय-फायच्या नावाखाली ‘इंटरनेट नाही’ असे येई. एकाचा फोन चाले तेव्हा दुसऱ्याचा लॅपटॉप बंद पडे. खालचा टीव्ही, जो आजवर कधी अडला नव्हता, तोही मधेच अडू लागला. राउटर बंद करून चालू केला की तासभर ठीक. या काळात कुणीतरी वेग दुप्पट होईल या आशेने दोन्ही राउटरांमध्ये दुसरी केबलही जोडून पाहिली होती आणि त्यासरशी सगळे घर जागच्या जागी थांबले होते. दोन स्विचांमध्ये दोन वाटा झाल्या की सर्वांसाठी सोडलेला संदेश एका वाटेने जातो, दुसरीने परततो आणि फिरत राहतो, कारण इथरनेटच्या चौकटीत संदेशाला मरण्याची मुदत लिहिलेली नसते. ती केबल लगेच काढली गेली, म्हणून तो अध्याय तिथेच संपला.

बिघाडाचा शोध

सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार गेली होती आणि तिच्या माणसाने जोडणी निर्दोष असल्याचे सांगितले होते. घरच्यांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. मी वरच्या राउटरकडे जाणारी केबल काढून खालच्या राउटरला लॅपटॉप तारेने जोडला आणि वेग मोजला: १९६ एमबीपीएस. अर्धा तास तसेच ठेवून पाहिले, एकदाही खंड पडला नाही. तेव्हा बाहेरची जोडणी आणि खालचा राउटर हे दोन्ही संशयातून मुक्त झाले. केबल पुन्हा जोडली, आणि दहा मिनिटांच्या आत तोच लॅपटॉप अडला.

खरा धागा मात्र घरच्या गृहस्थांनी सहज बोलता बोलता दिला. ते म्हणाले, “सेटिंगचे पान उघडले की कधी निळे येते, कधी पांढरे येते. कंपनीने बहुधा काहीतरी बदलले असावे.” ब्राउझरमध्ये ते दर वेळी १९२.१६८.१.१ हाच पत्ता घालत होते. निळे पान खालच्या राउटरचे होते आणि पांढरे वरच्याचे. एकाच पत्त्यावर दोन घरे होती आणि दार कोण उघडेल हे दैवावर होते.

त्याची खात्री करण्यासाठी दोन लॅपटॉप शेजारी ठेवले आणि दोन्हींवर एआरपीचा तक्ता उघडला. कोणता आयपी पत्ता कोणत्या प्रत्यक्ष यंत्राचा, म्हणजे कोणत्या मॅक पत्त्याचा, याची नोंद प्रत्येक संगणक या तक्त्यात ठेवतो. दोन्हीकडे गेटवे, म्हणजे घराबाहेर जाण्याचे दार, म्हणून १९२.१६८.१.१ च लिहिलेले होते, पण त्यापुढचा मॅक पत्ता वेगळा होता. चालणाऱ्या लॅपटॉपवरचा पत्ता खालच्या राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलशी जुळला. न चालणाऱ्यावरचा, जुना राउटर उलटा करून धूळ पुसल्यावर, त्याच्या लेबलशी जुळला. ज्या उपकरणाला ‘१९२.१६८.१.१ कोण?’ या प्रश्नाचे उत्तर वरच्या राउटरकडून मिळे, ते आपला सगळा माल त्याच्याकडे पाठवी, आणि त्या राउटरचा वॅन पोर्ट तर रिकामा. माल जिथल्या तिथे पडून राही.

याच्या जोडीला दुसरा दोष होता. दोन्ही राउटरांची पत्ते वाटण्याची सेवा, म्हणजे डीएचसीपी, चालू होती. नवे उपकरण जाळ्यात आले की ते मोठ्याने विचारते, मला पत्ता कोण देईल. ज्याचे उत्तर आधी येते त्याचे ते सहसा स्वीकारते. दोघे वाटप करणारे एकमेकांच्या वह्या पाहत नाहीत, त्यामुळे एकच पत्ता दोघांनी दोन उपकरणांना दिल्याचेही आढळले: खालचा टीव्ही आणि वरचा एक फोन, दोघेही १९२.१६८.१.५. टीव्ही का अडत होता याचे कोडे तिथे सुटले.

मांडणी बदलताना

करायचे होते ते थोडके होते: वरच्या राउटरला निराळा पत्ता द्यायचा, त्याचे पत्तेवाटप बंद करायचे, आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्येच ठेवायची. पण या तीन गोष्टींचा क्रम चुकला की माणूस स्वतःच दाराबाहेर कुलूपबंद होतो, म्हणून तो क्रम सविस्तर सांगतो.

आधी वरचा राउटर घरच्या जाळ्यापासून पूर्ण तोडला आणि एका छोट्या केबलने लॅपटॉप फक्त त्यालाच जोडला. लॅपटॉपचे वाय-फायही बंद केले, नाहीतर उघडलेले पान कुणाचे हा प्रश्न पुन्हा आलाच. मग लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.५० असा पक्का पत्ता दिला. हे अनेक जण करत नाहीत, आणि पत्तेवाटप बंद केल्यावर त्यांचा लॅपटॉप कुणी पत्ता देईना म्हणून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो आणि राउटरचे पान पुन्हा उघडत नाही. पक्का पत्ता घेतल्यावर राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, त्या नव्या पत्त्यावर पुन्हा आत शिरलो, आणि मग डीएचसीपी बंद केले.

खालच्या राउटरमध्येही एक बदल लागला. त्याच्या वाटपाची हद्द १९२.१६८.१.२ पासून २५४ पर्यंत होती, म्हणजे उद्या त्याने एखाद्या पाहुण्याच्या फोनला नेमका .२ हाच पत्ता दिला असता. ती हद्द १०० ते २०० अशी आवळली आणि खालचे आकडे पक्क्या पत्त्यांसाठी राखले. त्यानंतरच नळीतून आलेली केबल वरच्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये बसवली, आणि वॅन पोर्टवर पांढरी चिकटपट्टी लावली. नव्या राउटरांमध्ये बहुधा ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ नावाची एक निवड असते आणि ती केली की हे सगळे एका दमात होते. या जुन्या डबीत ती सोय नव्हती.

वरच्या राउटरला केवळ वेगळ्या मालिकेतला पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.२.१, देऊन केबल वॅनमध्येच का ठेवली नाही, असे त्या गृहस्थांनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता. तसे केले असते तर नेट चालले असते. पण घराची दोन जाळी झाली असती. छापायचे यंत्र तळमजल्यावर आहे, आणि लॅपटॉप ते ज्या पद्धतीने शोधतात तो शोध २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर होतो व राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. वरून ते यंत्र सापडलेच नसते. फोनवरचे चित्र खालच्या टीव्हीवर टाकणेही गेले असते. शिवाय पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते आणि काही खेळ व बाहेरून घरात येणाऱ्या जोडण्या त्यावर अडखळतात.

पाहुण्यांना किंवा भाडेकरूंना वेगळे ठेवण्यासाठी ही दुहेरी मांडणी चांगली, असे पुष्कळदा ऐकू येते, त्यावर थोडे थांबणे भाग आहे. आतल्या राउटरमागे बसलेल्या उपकरणांपर्यंत बाहेरच्या जाळ्यातून आपणहून पोहोचता येत नाही हे खरे. पण आतून बाहेरच्या जाळ्याकडे जाण्याची वाट उघडीच असते, कारण इंटरनेटकडे जाणारा रस्ता तिथूनच जातो. म्हणजे पाहुण्यांना आतल्या राउटरवर बसवले तर त्यांच्यापासून घरच्यांचे रक्षण होत नाही, उलट घरच्यांपासून पाहुण्यांचे होते. यासाठी मुख्य राउटरवरचे पाहुण्यांचे वेगळे वाय-फाय हाच साधा उपाय आहे.

वेग शंभरापाशी का अडला

सगळे स्थिर झाले. चार तास कुणाचेच नेट तुटले नाही, दोन्ही लॅपटॉपांवर गेटवेचा मॅक पत्ता एकच दिसू लागला. पण वरच्या राउटरला तारेने जोडलेल्या लॅपटॉपवर वेग ९४ एमबीपीएसच्या वर सरकेना. कितीही वेळा मोजा, ९३ नाहीतर ९४.

हा आकडा ओळखीचा आहे. १०० एमबीपीएसच्या इथरनेट दुव्यावरून वरकड खर्च वजा जाता हातात साधारण एवढेच पडते. दोन्ही राउटरांचे पोर्ट गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे, होते हे पानांवर वाचून पाहिले होते, तेव्हा शंका केबलवर आली. १०० एमबीपीएसला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, १, २, ३ आणि ६ या क्रमांकांच्या तारा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. उरलेल्यांपैकी एक जरी तुटकी असली तरी दुवा पुष्कळदा मुकाट्याने शंभरावर उतरतो आणि दिवा मात्र हिरवाच लुकलुकत राहतो.

वरच्या टोकाचा पारदर्शक प्लग उजेडात धरला. आठ तारा ओळीने दिसत होत्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. क्रम बरोबर होता. पण शेवटची तपकिरी तार इतरांपेक्षा दोन मिलिमीटर आखूड कापली गेली होती आणि सोनेरी पात्याखाली पोहोचलीच नव्हती. पाते तिच्या पुढच्या रिकाम्या जागेत दाबले गेले होते. टोक कापून, आठही तारा एका रेषेत छाटून नवा प्लग क्रिम्प केला, म्हणजे चिमट्याने दाबून बसवला. दुवा १००० वर आला, आणि वेग १९५ वर.

हा दोष किती दिवस कुणाच्या ध्यानात आला नसता, सांगता येत नाही. ९४ एमबीपीएसवर व्हिडिओ बैठक उत्तम चालते, त्यामुळे मुलीची तक्रार इथे आधीच मिटली होती. तरी टाकलेली केबल पुढे दहा-वीस वर्षे भिंतीत राहणार असते.

एकच नाव, दोन रेडिओ

वाय-फायची मांडणी तुलनेने सोपी होती. केबल आल्यामुळे वरचा राउटर कुठेही ठेवता येत होता, म्हणून तो मागच्या खोलीत न ठेवता तीन खोल्यांमधल्या बोळात, उंचावर बसवला. दोन्ही राउटरांवर नाव एकच, पासवर्ड एकच आणि सुरक्षेचा प्रकारही एकच ठेवला. या तिसऱ्या बाबतीत जुन्या राउटरवर काळजी घ्यावी लागली, कारण त्यावर डब्ल्यूपीए२ या सुरक्षेच्या प्रकारात माहिती सांकेतिक करण्याची जुनी टीकेआयपी पद्धतही चालू होती, आणि त्या पद्धतीने जोडलेल्या उपकरणाचा वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. ती बंद करून फक्त एईएस ही नवी पद्धत ठेवली. बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोयही बंद केली.

चॅनेल मात्र एक ठेवायचे नसते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेलांचे आकडे पुष्कळ असले तरी २० मेगाहर्ट्झच्या रुंदीने एकमेकांवर न चढणारी अशी १, ६ आणि ११ हीच सोयीची तिकडी. शेजारच्या घरांचा एक राउटर ६ वर गर्जत होता, म्हणून खाली १ आणि वर ११ दिले. ५ गिगाहर्ट्झमध्ये ३६ आणि ४४ असे दोन वेगळे आकडे देऊन काम भागले असे समजण्याची चूक सहज होते. ८० मेगाहर्ट्झची रुंदी निवडलेली असेल तर ३६ पासून ४८ पर्यंतचे चारही आकडे एकाच पट्ट्यात मोडतात. वरच्या राउटरला त्यापलीकडचा पट्टा दिला.

एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाताना कोणत्या राउटरला धरायचे हे राउटर ठरवत नाही, फोन ठरवतो, आणि काही फोन फार चिवट असतात. गृहस्थांचा फोन वर येऊनही खालच्या राउटरचे बोट सोडत नसे, उणे ७८ झाले तरी. खालच्या राउटरची २.४ गिगाहर्ट्झची प्रक्षेपणशक्ती मध्यमवर आणल्यावर तो सोडू लागला. सिग्नल कमी केल्याने अनुभव सुधारतो हे घरच्यांना पटवायला वेळ लागला. तरीही एक उणीव राहिली आहे: जुन्या राउटरमध्ये जलद हस्तांतराची, म्हणजे ८०२.११आरची, सोय नसल्याने बोलता बोलता जिना चढले की एखादा सेकंद आवाज जातो. हे चालण्यासारखे आहे असे मुलीने ठरवले. ज्यांना ते चालणार नाही, किंवा ज्यांच्या घरात केबल टाकणे अशक्यच आहे, त्यांनी एकाच बनावटीचा मेश संच, म्हणजे मिळून एकच वाय-फाय चालवणाऱ्या डब्यांचा संच, घेणे इष्ट. तोही शक्य असेल तिथे केबलनेच जोडावा.

दोन राउटरांचे पत्ते, वॅन पोर्ट रिकामा ठेवण्याची सूचना आणि बदलांचा क्रम असा एक कागद लिहून खालच्या कपाटाच्या दाराला आतून लावला. तीन महिन्यांनी वरच्या बोळातली साफसफाई करताना कुणीतरी राउटरच्या मागचे रीसेटचे बटण टाचणीने दाबले, कारण दिवा लाल झाला होता आणि टाचणीने तो हिरवा होतो असे कुठेतरी वाचलेले होते. राउटर मूळ पदावर गेला, पुन्हा १९२.१६८.१.१ झाला आणि पुन्हा पत्ते वाटू लागला. पंधरा मिनिटांत खालचा टीव्ही अडला. या वेळी मला फोन आला तो काय करावे हे विचारण्यासाठी नव्हता. मुलीने आधी केबल काढली होती, लॅपटॉपला ५० क्रमांकाचा पत्ता दिला होता, आणि पांढऱ्या पानावर डीएचसीपी नेमके कोणत्या यादीखाली लपले आहे एवढेच तिला हवे होते.